ट्रेनर आला की ब्रूनो सोफ्यामागे जातो

"पैसे आगाऊ भरलेत. नणंदेने सुचवलेला माणूस. शिवाय ब्रूनो आता सांगितल्यावर बसतो, गुरगुरणंही थांबलंय. मग ट्रेनर बदलावा असं सारखं का वाटतं?" माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी एका दमात विचारलं. शेजारी नवरा गप्प. कुत्र्यांच्या वागण्याबद्दल सल्ला देणं हे माझं काम. हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण आणतात, आणि त्यात कुत्र्यापेक्षा माणसांचा संकोचच जास्त असतो.

ब्रूनो हा दोन वर्षांचा लॅब्राडॉर. तो पाहुण्यांवर गुरगुरतो म्हणून ट्रेनर लावला. त्याने गळ्यात काटेरी पट्टा चढवला. गुरगुरला की हिसका. काही आठवड्यांत आवाज बंद झाला, घरचे खूश. मग एका संध्याकाळी घरी आलेल्या पाहुण्याच्या हाताला ब्रूनोने दात लावले, तेही तोंडातून आवाज न काढता. ट्रेनरचं म्हणणं, "तुम्ही ढिले पडता, तो स्वतःला घरचा बॉस समजतो."

मी सेशनचा व्हिडिओ मागवला. 'बैस' म्हटल्यावर ब्रूनो झटकन बसत होता. पण कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, जीभ सारखी नाकावरून फिरत होती. खाऊ पुढे केला तर त्याने तोंड फिरवलं. खाण्यावर जीव असलेल्या लॅब्राडॉरने भीतीपोटी खाऊ नाकारला, यातच सगळं आलं.

गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' असा इशारा. हिसक्यांनी इशारा गेला, भीती होती तिथेच राहिली. म्हणून तो चावा सगळ्यांना 'अचानक' वाटला.

बॉसचं खूळ लांडग्यांवरून आलंय. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांमधली वरचढ होण्याची भांडणं नोंदवली, आणि पुढे तीच कल्पना कुत्र्यांना चिकटली. पण रानातला कळप बहुधा बॉस होण्यासाठी भांडणारा नसून आई-बाप आणि त्यांची पिल्लं असा असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये मांडलं. पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ च्या निवेदनात, आक्रमक कुत्र्यांसकट सगळ्यांना बक्षिसानेच शिकवा, असं सांगितलं आहे.

"पण इतक्यात बदललं तर आमचीच चिकाटी कमी, असं होईल ना?" नवरा पहिल्यांदा बोलला.

मुद्दा चिकाटीचा नव्हता. प्रगती हळू आहे एवढ्यावर मी कुणाला ट्रेनर बदलायला सांगत नाही. पट्टा ओढायची सवय महिनोन् महिने टिकते. ट्रेनरची चाहूल लागताच कुत्रा दारात शेपूट हलवत उभा असेल, तर त्याच ट्रेनरकडे राहा. ब्रूनो मात्र सोफ्यामागे जात होता. त्यात ट्रेनर या नवरा-बायकोला सेशनला बसू देत नव्हता आणि पूर्ण बरा करायची हमी देत होता. हमी ऐकली की मी तरी सावध होते.

आधी पशुवैद्याकडे पाठवलं, कारण कान किंवा सांधे दुखत असले तरी कुत्रा चिडका होतो. तिथे काही निघालं नाही. नव्या ट्रेनरला दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता? जुन्याला दोन ओळींचा मेसेज पुरला. पैसे परत मिळाले नाहीत. नणंदेला कारण सांगण्यातच बाईंचा जास्त वेळ गेला.

ब्रूनो आता पुन्हा गुरगुरतो. नवी ट्रेनर त्याला रागवत नाही; पाहुण्याला मागे सरकायला लावते आणि ब्रूनो शांत झाला की खाऊ टाकते. पाहुणे आले की तो जाळीच्या दाराआड असतो. तोंडाला जाळी घालायची सवयही खाऊ देत देत चालू आहे.