गळाच्या रॉडने पकडलेला गोड्या पाण्यातला सर्वात मोठा मासा कोणता? आणि जुने विक्रम खरे मानायचे का?

नुसतं नाव आणि आकडा हवा असेल तर उत्तर सोपं आहे: पांढरा स्टर्जन, ४६८ पौंड, म्हणजे साधारण २१२ किलो. कॅलिफोर्नियातल्या बेनिशियाजवळ ९ जुलै १९८३ रोजी जोई पलोटा यांनी तो काढला. अशा विक्रमांच्या नोंदी आयजीएफए, म्हणजे इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ठेवते. संस्था १९३९ ची, पण सुरुवातीला ती फक्त समुद्री माशांचं बघायची. गोड्या पाण्याच्या नोंदी १९७८ पासून तिच्याकडे आल्या. (बेनिशिया खाडीच्या वाटेवर आहे, पाणी निमखारं आणि स्टर्जन तर समुद्रातही जाऊन येतो. तरी त्याची नोंद गोड्या पाण्याच्या खात्यातच होते.)

आता खरी गोम. याहून मोठे स्टर्जन त्यानंतर रॉडवर आलेले आहेत आणि त्यांचे फोटोही आहेत. कॅनडातल्या फ्रेझर नदीत २०१२ साली १२ फूट ४ इंच लांबीचा स्टर्जन निघाला. अंदाजे वजन ११०० पौंड, म्हणजे विक्रमाच्या दुपटीहून जास्त. पण फ्रेझरमध्ये धरलेला स्टर्जन परत सोडावाच लागतो. एवढं धूड जमिनीवर आणून वजनकाट्याला टांगायचं म्हणजे त्याचा जीवच घ्यायचा. खुद्द कॅलिफोर्नियातही नंतर लांबीवर वरची मर्यादा आली, त्यामुळे पलोटांच्या माशाएवढा मासा आज तिथे ठेवून घेता येत नाही. थोडक्यात, हा विक्रम चाळीसहून जास्त वर्षं टिकलाय तो कायद्यामुळे. मोठे मासे संपले म्हणून नव्हे.

म्हणून माझं मत असं की विक्रमांची यादी ही सर्वात मोठ्या माशांची यादी नसते. ज्यांचे कागद पुरे झाले त्या माशांची ती यादी असते. नियम बघा: मासा लागल्यापासून हाती येईपर्यंत दुसऱ्या कुणी रॉडला किंवा दोऱ्याला हात लावायचा नाही. मुद्दाम अंगात बाहेरून गळ रुतवून ओढलेला मासा चालत नाही. वजन जमिनीवरच करायचं, डुलत्या होडीत केलेलं चालत नाही, आणि काटा प्रमाणित हवा. लांबी, घेर, फोटो आणि दोऱ्याचा नमुना, सगळं पाठवायचं. शिवाय जुना विक्रम नुसता ओलांडून भागत नाही. मासा २५ पौंडांच्या आतला असेल तर निदान २ औंस (साधारण ५७ ग्रॅम) जास्त भरला पाहिजे, त्यावरचा असेल तर अर्धा टक्का. त्याहून कमी फरक असला तर बरोबरी.

ही २ औंसांची अट किती छळते ते लार्जमाउथ बास माशाच्या गोष्टीत दिसतं. २ जून १९३२ ला अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी मुलगा मित्राबरोबर माँटगोमेरी लेकवर गेला. नावात लेक असलं तरी ते ओकमल्गी नदीचं तुटून राहिलेलं जुनं वळण. दोघांत मिळून एकच कृत्रिम आमिष होतं, आळीपाळीने वापरायचं. त्यावर जो बास लागला तो हेलेना गावातल्या पोस्टाच्या काट्यावर २२ पौंड ४ औंस भरला, १० किलोंच्या किंचित वर. लांबी साडेबत्तीस इंच आणि घेर साडेअठ्ठावीस, म्हणजे मासा जवळजवळ लांबीइतकाच गोल! पेरीने ते आकडे एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवले, ७५ डॉलरचं सामान बक्षीस मिळवलं आणि मासा घरी नेला. घरच्यांनी तो खाल्ला. मंदीचे दिवस होते, पेंढा भरून भिंतीवर लावायची हौस कोण करणार?

पुढे ७७ वर्षं या आकड्याला कुणाचा हात लागला नाही. मग २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी जिवंत ब्लूगिल हा छोटा मासा आमिषाला लावून एक बास काढला: २२ पौंड ४.९७ औंस. पेरीपेक्षा जेमतेम २७ ग्रॅम जास्त, आणि हवे होते ५७. सहा महिने तपासणी चालली. कुरितांची पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणीसुद्धा झाली, तीत ते उत्तीर्ण झाले, आणि जानेवारी २०१० मध्ये बरोबरी जाहीर झाली. आज त्या रकान्यात दोघांचीही नावं आहेत.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा मासा आहे आणि मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं. कॅलिफोर्नियातल्या डिक्सन लेकमध्ये एक मादी बास होती, जबड्याखाली काळा ठिपका, म्हणून नाव डॉटी. मार्च २००६ मध्ये मॅक वीकली यांच्या रॉडवर ती आली आणि हातातल्या काट्याने २५ पौंड १ औंस दाखवले. पेरीचा आकडा पावणेतीन पौंडांनी मागे पडला होता. पण गळ तोंडात नव्हता, अंगात बाहेरून रुतला होता. त्यांनी तिला सोडून दिलं आणि विक्रमासाठी अर्जही केला नाही. २००८ च्या मे महिन्यात ती मेलेली तरंगताना सापडली, तेव्हा ठिपक्यावरूनच ओळख पटली. म्हणजे जगातला सर्वात जड ज्ञात बास कुठल्याच वहीत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, जुने विक्रम खरे मानायचे का. काही मानावेत, काहींपुढे मी प्रश्नचिन्ह ठेवतो. पेरीच्या बाबतीत लोक फोटो मागतात. मला तो आकडा पटतो, कारण वजन भर गावात झालं आणि बक्षीस ७५ डॉलरचं होतं. तेवढ्यासाठी काट्यावरच्या माणसाला कोण फितवणार? उलट वॉलाय माशाचा २५ पौंडांचा विक्रम घ्या. टेनेसीत १९६० साली मेब्री हार्पर यांनी तो केला. आयजीएफए तो आजही मानते, तर विस्कॉन्सिनमधल्या मासेमारीच्या हॉल ऑफ फेमने फोटो तपासून १९९६ साली तो काढून टाकला. एकच मासा, एका वहीत आहे, दुसरीत नाही.

त्याच सुमारास स्मॉलमाउथ बासचा विक्रमही बुडाला होता. डेव्हिड हेज यांनी १९५५ साली अमेरिकेतल्या डेल हॉलो लेकमध्ये ११ पौंड १५ औंसांचा मासा काढला होता. धक्क्यावरच्या एका कामगाराने त्याच वर्षी शपथेवर लिहून दिलं होतं की माशाच्या पोटात मीच लोखंड कोंबलं. तो कागद चाळीस वर्षांनी वर आला आणि हेज यांचं नाव गेलं. पुढे जुने जबाब पुन्हा तपासल्यावर तो कामगारच खोटा ठरला आणि २००५ साली विक्रम परत मिळाला. पण म्हणून असले आरोप सगळेच खोटे नसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका स्पर्धेत वॉलाय चिरल्यावर शिशाचे गोळे बाहेर पडले, दोघा स्पर्धकांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना तुरुंगाची हवाही खावी लागली.

अलीकडच्या विक्रमांत वजनाची चोरी कठीण झाली आहे. तिथे शंका घ्यायची तर ती पाण्याबद्दल घ्यावी. रेनबो ट्राउट माशाचा ४८ पौंडांचा विक्रम शॉन कॉनराड यांचा आहे, कॅनडातल्या लेक डीफेनबेकरमधला, २००९ चा. त्याआधीचा ४३ पौंड १० औंसांचा त्यांच्याच जुळ्या भावाचा, अ‍ॅडमचा! त्या सरोवरात २००० साली मत्स्यशेतीच्या जाळ्यातून लाखो ट्राउट निसटले होते. ते ट्रिप्लॉइड होते, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले आणि वांझ. अंडी घालण्यात शक्ती जात नाही, सगळं खाल्लेलं अंगाला लागतं. ब्राउन ट्राउटचे हल्लीचे विक्रम न्यूझीलंडच्या ओहाऊ कालव्यातले, तिथेही शेजारी सॅमनच्या पिंजऱ्यांतून सांडलेलं खाद्य आयतं मिळतं. नियमाने हे सगळं चालतं. मला मात्र अशा नोंदीपेक्षा जॉर्जिना बॅलंटाइनचा सॅमन जास्त भावतो: स्कॉटलंडमधली टे नदी, ७ ऑक्टोबर १९२२, ६४ पौंड. ब्रिटनमध्ये रॉडवर त्याहून मोठा सॅमन शंभर वर्षांत नोंदला गेलेला नाही.

आपल्याकडचा आकडा विचारलात तर तो महसीरचा, १९४६ साली काबिनी नदीतला, १२० पौंड. धरणारे मैसूरच्या प्रसिद्ध व्हॅन इंगेन घराण्यातले, ज्यांचा धंदाच मेलेल्या जनावरांत पेंढा भरण्याचा होता. कावेरी खोऱ्यातला हा कुबडधारी महसीर गळवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता, पण त्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे २०१८ साली नक्की झालं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीतही गेला.

मोठा मासा न मारता नोंदवायची सोय आता झाली आहे. आयजीएफएने २०११ पासून लांबीचे विक्रम वेगळे ठेवायला घेतले. मासा संस्थेच्याच मोजपट्टीवर मोजायचा आणि जिवंत सोडायचा, वजनाची गरज नाही. २०२३ साली इटलीच्या पो नदीत २८५ सेंटीमीटरचा वेल्स कॅटफिश निघाला, तोही मोजून सोडून दिला गेला. त्याचं वजन किती होतं हे कुणी पाहिलंच नाही. त्यामुळे किलोंच्या यादीत त्याच नदीतला २०१० चा जवळपास १३५ किलोंचा वेल्स अजून शाबूत आहे.