कळायला हवं होतं कुणाला, कळलं कुणाला

"मॅडम, हे कुणाला कळणार तर नाही ना?"

आयसीटीसीत, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, माणूस खुर्चीत टेकायच्या आत हे विचारतो. औषध काय, किती वर्षं जगेन, हे सगळं नंतर. आधी गाव, भावकी, नोकरी, घरात लग्नाला आलेली बहीण. मी इथली समुपदेशक. या प्रश्नाचं उत्तर मी एका जोडप्याच्या अनुभवातून देते. दोघांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते तिशीतले, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारे. कारखान्यात आरोग्य शिबिर झालं. शुगर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल बघायचंय असं सांगून सगळ्यांचं रक्त घेतलं. काही दिवसांनी एचआरच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "उद्यापासून गेटवर येऊ नको. बाहेर नीट तपासून घे, मग बघू." कागदावर एचआयव्हीपुढे 'रिअॅक्टिव्ह', म्हणजे संसर्ग असण्याची शक्यता, असं लिहिलं होतं. ही तपासणी होणार आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, विचारणं तर लांबच. ते केबिनमधून लाइनवर परत आले तोवर सुपरवायझरने कूलरवरचा त्यांचा ग्लास उचलून बाजूला ठेवला होता.

तो कागद आठ घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवून ते आमच्याकडे आले. मी तो कागद बघितला, पण त्यावरून काही ठरवलं नाही. आमच्याकडे एका चाचणीवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या जुळल्या तरच तसा रिपोर्ट हातात देतात. त्याआधी बोलणं होतं, चाचणी कशाची हे समजावलं जातं आणि संमती घेतली जाते. तंत्रज्ञाने ट्यूबवर चिठ्ठी लावली तेव्हा ते पुढे वाकून बघत होते.

"नाव नाही टाकलं?"

"नाही. नंबर टाकतो."

त्यांनी तो नंबर ओठांतल्या ओठांत वाचला. केबिनमधल्या त्या दिवसानंतर आपल्या रक्ताशी कुणी जपून वागतंय, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं, असं मला वाटतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग दोन गोष्टी बोलले. एक, "कामाचं काय?" आणि दुसरी, "बायकोला सांगू नका. लेकरांची शपथ आहे तुम्हाला."

या दोन्ही प्रश्नांवर आपल्या देशात कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा संसदेने २०१७ साली केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. समजावून घेऊन दिलेल्या संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्ही चाचणी करता येत नाही. अपवाद मोजके आहेत: न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतल्या रक्ताची तपासणी, नाव न जोडता केलेलं सर्वेक्षण, असे. नोकरी देण्यासाठी किंवा चालू ठेवण्यासाठी चाचणीची अट घालायला बंदी आहे. तुमचा रिपोर्ट तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर-नर्सला, तेही उपचारासाठी गरज असेल तरच, सांगता येतो. म्हणजे आमच्याकडे कळतं कुणाला, तर मला, तंत्रज्ञाला, वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि एआरटी केंद्राला, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्राला. गावची आशाताई आपोआप या यादीत येत नाही, सरपंच तर नाहीच. रजिस्टर कपाटात कुलपात असतं. फोन करायचा की नाही, कुठल्या नंबरवर, घरच्या कुणी उचलला तर काय बोलायचं, हे आधी विचारून ठेवतो. एक बाई मला म्हणाल्या होत्या, फोन वाजू दे आणि बंद कर, मी समजून येईन. तसंच केलं.

कायद्याने ही भिंत इतकी पक्की का बांधली, हे समजायला गोव्यातलं डॉमिनिक डिसूझा यांचं प्रकरण आठवावं लागतं. रक्तदानानंतर त्यांना एचआयव्ही असल्याचं निघालं आणि १९८९ साली पोलिसांनी त्यांना उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटं ठेवलं. ६४ दिवस. त्या वेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्यांच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. अशा वागणुकीने एचआयव्ही थांबला नाही. उलट, तपासायला गेलं की आपलंही असंच होईल, हे लोकांच्या मनात बसलं. माणूस तपासणीला आला नाही तर औषध सुरू होत नाही आणि संसर्ग पुढे जात राहतो. म्हणून गुप्तता पाळणं हा रोग रोखण्याचाच भाग आहे, असं मी ठामपणे मानते. ती रुग्णावर केलेली मेहरबानी नव्हे.

पण बायकोचं काय?

इथे लोक दोन टोकांना जातात. काहींना वाटतं, गुप्तता म्हणजे बायकोपासूनही लपवायचा हक्क. काहींना वाटतं, आम्ही परस्पर तिला फोन करून टाकू. दोन्ही चूक. कायद्याच्या नवव्या कलमात जोडीदाराचा वेगळा विचार आहे. जोडीदाराला सांगायचं झालं तर ते फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात, दुसरं कुणीही नाही. आणि तेही कधी? जोडीदाराला खरोखर संसर्गाचा मोठा धोका असेल, रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन केलेलं असेल, तरीही तो सांगणार नाही अशी खात्री झाली असेल, आणि 'आता मी सांगणार आहे' हे त्याला आधी कळवलं असेल, तेव्हाच. मग समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. फोनवर नाही, चिठ्ठीतून नाही.

बाईच्या बाबतीत कायदा आणखी जपून चालतो. रिपोर्ट तिचा असेल, आणि नवऱ्याला सांगितलं तर तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर त्याला सांगायचं नाही. गरोदरपणातल्या तपासणीत बाईचं आधी निघतं आणि 'तूच आणलंस' म्हणून तिच्यावरच खापर फुटतं, हे आम्ही पाहिलं आहे. ही तरतूद अशाच बायांसाठी आहे.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, कलमांचे आकडे न सांगता. म्हटलं, "मी आज तुमच्या घरी फोन करणार नाही. पण त्यांना धोका आहे आणि त्यांची तपासणी व्हायला हवी. तुम्ही सांगावं म्हणून मी तुमच्याबरोबर बसेन."

"कंपनीने तपासायला सांगितलंय म्हणून घेऊन येतो तिला. रक्त काढा, काही बोलू नका."

"तसं नाही करता येणार. कशाची चाचणी हे न सांगता त्यांचं रक्त घेतलं, तर तुमच्या साहेबांनी केलं तेच मी करेन."

हे त्यांना लागलं. पुढच्या वेळी आले ते काय बोलायचं हे विचारायलाच. आम्ही ते वाक्य तिथे बसून बोलून बघितलं. पहिल्यांदा ते फार लांबण लावत होते: शिबिर, साहेब, मित्र, नशीब. मी म्हटलं, आधी मुद्द्याचं सांगा, बाकीचं त्या विचारतील तसं. मधल्या काळात निरोध वापरायचा हेही बोललो. त्यांचं औषध एआरटी केंद्रात सुरू झालं होतं. पण डबीवरचा कागद नखाने खरवडून काढलेला आणि गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबलेला. अशा कितीतरी डब्या मी पाहिल्या आहेत. घरात लपवावं लागतं तिथे गोळी चुकते, आणि ही गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यायची असते.

मग एका बाजाराच्या दिवशी दोघं नवरा-बायको आले. ते म्हणाले, "मला एचआयव्ही निघालाय." ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"म्हणून कामावर जात नाही होय?"

त्यांनी शिबिराचं, केबिनचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. आणि म्हणाल्या, "म्हणजे साहेबाला ठाऊक, सुपरवायझरला ठाऊक, आणि मला आज?"

माझ्या कामात मी कायद्यावरची अनेक प्रशिक्षणं घेतली आहेत. गुप्ततेचा भंग म्हणजे काय, हे या एका वाक्याइतकं नेमकं मी कुठेच ऐकलेलं नाही. ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांना सगळ्यात आधी कळलं, आणि जिच्या जिवाचा प्रश्न होता तिला सगळ्यात शेवटी. कायद्याला याच्या नेमकं उलट हवं आहे.

कुठून आला, कुणाकडून आला, हा प्रश्न त्यांनी विचारलाच. त्यावर ते दोघं काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ताईंनी स्वतःहून चाचणीला होकार दिला. नॉन-रिअॅक्टिव्ह आली. पण संसर्ग नुकताच झाला असेल तर तो चाचणीत लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासली. तेव्हाही निगेटिव्ह. लेकरांची धास्ती होती, तीही तिथेच मिटली. आईलाच संसर्ग नाही म्हटल्यावर आईकडून लेकरांना तो जायचा प्रश्न येत नाही.

ताईंचा पुढचा प्रश्न होता, "हे आता किती वर्षं काढतील?" दोघांच्याही डोक्यात चित्र होतं ते भिंतीवरच्या जुन्या पोस्टरचं: कवटी, आणि एड्स म्हणजे मरण. त्या भीतीच्या प्रचाराची किंमत आम्ही आजही मोजतो आहोत. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला मनाई केली. आज तिशीत असलेली माणसं तेव्हा शाळेत होती. त्यांना नीट सांगणारं कुणी भेटलंच नाही. २०१७च्या कायद्याने मात्र वयाला साजेशी, कुणाला कलंक न लावणारी माहिती लोकांपर्यंत पोहोचवणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. शाळा-कॉलेजांनी ती मनावर घ्यावी, असं मला अगदी कळकळीने वाटतं. खरी गोष्ट अशी आहे की औषध सरकारकडून मोफत मिळतं, बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते, आणि ती वेळेवर घेणारा माणूस इतरांसारखं आयुष्य जगतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. ताट, ग्लास, संडास, मिठी यांतून तर तो कधीच जात नव्हता.

कामाचं प्रकरण सोपं गेलं नाही. ते म्हणत होते, "मॅडम, तुम्हीच साहेबांना फोन करा." पण मी फोन करणं म्हणजे त्यांची माहिती बाहेर देणंच झालं असतं. त्यांनी लेखी संमती दिली तेव्हाच मी पुढची पावलं उचलली. त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. तिथे औद्योगिक कामगाराला वकील मोफत मिळतो. वकिलांनी नोटिशीत साध्या गोष्टी विचारल्या: संमती कुठे आहे? हा माणूस कामाला अपात्र आहे किंवा त्याच्यापासून सहकाऱ्यांना मोठा धोका आहे, असं स्वतंत्र डॉक्टरने लेखी दिलंय का? ते नसताना कामावरून काढता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तो कुठे आहे? नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ सालीच, हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारता येणार नाही, असा निकाल दिला होता. त्या कामगाराचं खरं नावही निकालात आलं नाही. आजच्या कायद्यातही टोपणनावाने दाद मागायची सोय आहे.

कारखान्याने त्यांना परत घेतलं, बसवलेल्या दिवसांचा पगारही दिला. पण जे पसरलं होतं ते नोटिशीने मागे घेता आलं नाही. डब्याला बसायला कुणी येईना. काही महिन्यांनी त्यांनी स्वतःच दुसरीकडे काम धरलं. तिथे कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि सांगायची गरजही नाही. डबीतला कापूस मात्र निघाला. रात्रीच्या गोळीची आठवण आता ताई करतात.

कामाच्या ठिकाणी आरोग्य शिबिर असेल तर रक्त देण्याआधी तपासण्यांची यादी मागा. एचआयव्ही लिहिलेलं दिसलं आणि तुमची तयारी नसेल, तर नाही म्हणा. रिपोर्ट आपल्याच हातात द्या असं सांगा. संमतीशिवाय चाचणी झालीच असेल, कामावरून काढलं असेल किंवा कुणी रिपोर्ट फोडला असेल, तर ते कागद फाडून टाकू नका, तोच पुरावा असतो. आधी तक्रार अधिकारी, तो नसेल तर विधी सेवा प्राधिकरण. या कायद्यात राज्य पातळीवर अशा तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाची (ओम्बड्समन) तरतूद आहे. त्यांनी तक्रारीवर तीस दिवसांत, आणि एचआयव्ही आहे म्हणून तातडीचे उपचार नाकारले असतील तर शक्यतो चोवीस तासांत, आदेश द्यायचा असतो. नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. तिथे नाव न सांगताही बोलता येतं.