अंदाजात ‘तुरळक पाऊस’ होता, मग आमच्याच शेडवर गारा कशा? अंदाजावर विश्वास ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलात अंदाज ‘तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ एवढाच होता, शेजारच्या गावात थेंब नाही आणि तुमच्या बेदाण्यावर मात्र गारा. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. रॅकवर वाळत आलेला माल एका सरीत काळा पडलेला मीही पाहिलाय, त्यामुळे तुमचा जीव किती तुटला असेल हे कळतं. तरीही सांगतो, तो अंदाज बरोबर होता.

हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या शंभर पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी पाऊस. किती जागी पडेल एवढंच हा शब्द सांगतो. किती जोरात पडेल, यासाठी वेगळे शब्द आहेत: २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर झाला तर मध्यम, ६४.५ पासून पुढे जोरदार. आपण ‘तुरळक’ वाचतो आणि मनात ‘किरकोळ’ धरतो. नुकसान तिथे होतं.

मग आदल्या दिवशी गावाचं नाव का सांगत नाहीत? कारण वळवाचा ढग आदल्या दिवशी नसतोच. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा बाष्प घेऊन उसळते आणि तासा-दीड तासात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. रुंदी मात्र काही किलोमीटरच. आपल्याकडे उन्हाळ्यात साधारण पाच किलोमीटरच्या आसपास तापमान शून्याला येतं. त्याच्या वर गेलेलं पाणी लगेच गोठत नाही, शून्याखाली जाऊनही थेंबाच्या रूपातच तरंगतं आणि बर्फाच्या कणाला शिवलं की त्यावर थिजतं. खालून येणारा जोरदार झोत तो कण वर धरून ठेवतो, थरावर थर चढतात, आणि वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. मोठी गार मधोमध फोडून बघा, कांद्यासारखे पांढरे आणि पारदर्शक पापुद्रे दिसतात. वळवाचे टपोरे, गार थेंबसुद्धा बहुतेक वाटेत वितळलेला बर्फच.

आषाढात गारा का नाहीत, याचं उत्तरही यातच आहे. पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर चढतो तेव्हा होणारे ढग बुटके असतात. बरेचसे त्या शून्याच्या रेषेपर्यंत पोचतही नाहीत. तिथे ढगातले बारीक कण एकमेकांवर आदळून, मिसळून थेंब होतो. साधारण दहा लाख कणांचा एक. म्हणून घाटमाथ्यावरची झड बारीक आणि न थांबणारी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा महाबळेश्वरला उभारली, कारण तिथे पावसाळ्यात ढगच जमिनीवर उतरलेला असतो. डोंगर जागचा हलत नाही, त्यामुळे जुलैतला कोयना-महाबळेश्वरचा अंदाज बराच भरवशाचा.

तीच हवा घाट उतरताना तापते, कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्ही ‘सातारा जिल्हा’च. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याचं आणि जतचंही तसंच. म्हणून मोबाईलवर नुसतं जिल्ह्याचं नाव बघून काही ठरवू नका.

(थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दिसणारा पांढरा थर हा यातला काहीच नाही. ते गोठलेलं दव. आणि दव आकाशातून पडत नाही, रात्री गार झालेल्या पानावर हवेतलं बाष्प जमतं. म्हणूनच अंदाजात पाऊस शून्य असूनही बागेत पानं ओली होतात आणि डावणी हा बुरशीसारखा रोग येतो.)

मी काय करतो ते सांगतो. चार-पाच दिवसांच्या अंदाजात मेघगर्जनेचा पिवळा किंवा नारिंगी इशारा दिसला की नवा माल काढायचा थांबवतो. त्या दिवशी दुपारी बारानंतर सकाळचा अंदाज बाजूला ठेवतो आणि पुढच्या तीन तासांचा इशारा व रडारचं चित्र बघतो. वळवासाठी तेवढंच कामाचं. ‘दामिनी’ ॲपवर आसपास विजा कुठे पडताहेत ते कळतं. आभाळात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग वर चढून माथ्याला ऐरणीसारखा पसरला, की तो पिकला समजायचं. त्यातून पावसाबरोबर खाली आदळणारी गार हवा सरीच्या पुढे धावते. तो वारा अंगाला लागला की हातात बहुतेक दहा-पंधरा मिनिटंच उरतात, म्हणून मी शेडच्या पडद्यांच्या दोऱ्या दुपारीच मोकळ्या करून ठेवतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आपली शेडं लोखंडी अँगलची आणि तारांची असतात. गडगडाट ऐकू येऊ लागला की पडदे अर्धे राहिले तरी राहू द्या, माणसांना आधी पक्क्या घरात न्या.