ऑफिसमधला सहकारी रोज माझ्या गाडीने येतो, पेट्रोलचे पैसे कसे मागू?
सरळ मागा, तेही पहिल्याच आठवड्यात. मी दोन वर्षं कोथरूडहून हिंजवडीला एकाला सोबत न्यायचो. जाऊन-येऊन साधारण 40 किमी. वाकडच्या गर्दीत गाडी लिटरला 13-14 च्या वर देईना, म्हणजे रोजचं तीन लिटर पेट्रोल. आम्ही आळीपाळीने टाकी भरायचो, हिशेबाची भानगडच नको. फक्त खर्चच वाटून घ्या, वर कमाई नको; पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने चालवता येत नाही.

खरी कटकट पैशांची नसतेच, वेळेची असते. "आलोच खाली" म्हणून साहेब वीस मिनिटांनी डबा हलवत उगवायचे. शेवटी सांगून टाकलं, 8:10 ला गाडी निघणार. दोनदा बस धरावी लागली, मग 8:05 लाच गेटवर उभा!