डावखुरा मुलगा, राइट फील्ड आणि बेसबॉलमधल्या जागा

ताई, तुमचा मुलगा सातवीत आहे, डावखुरा आहे आणि शाळेच्या बेसबॉल संघात नुकताच आलाय. त्याला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) व्हायचंय, पण सरांनी राइट फील्डला उभं केलं. "तिकडे बॉलच येत नाही, म्हणजे पोराला कोपऱ्यात टाकलं का?" असं तुम्ही विचारलंय, आणि मुळात कोण कुठे का उभं असतं तेही. सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, उठला की तिथल्या होम मैदानाच्या कडेला चार चपला टाकून, त्यालाच बेस समजून आम्ही खेळायला लागलो. पुढे शाळेकडून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळलो, आता सुट्टीत पोरांना शिकवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी क्रिकेटची एक सवय बाजूला ठेवा. क्रिकेटमध्ये डावखुरा फलंदाज आला की ऑफ आणि लेग उलटतात. बेसबॉलमध्ये नावं मैदानाला चिकटलेली असतात. बॅटर उभा असतो त्या होम प्लेटवरून मैदानाकडे तोंड केलं की डाव्या हाताला लेफ्ट फील्ड, उजव्या हाताला राइट फील्ड, समोर लांब सेंटर फील्ड. बॅटर कोणत्याही हाताचा असो, हे बदलत नाही. आणि चेंडू मागे किंवा बाजूला मारून पळता येत नाही. उजव्या हाताला फर्स्ट बेस, डाव्या हाताला थर्ड, आणि समोर दोघांच्या पलीकडे सेकंड. होम प्लेटपासून फर्स्ट आणि थर्ड बेसवरून जाणाऱ्या दोन रेषांमधला काटकोन, तेवढंच खेळायचं मैदान. एवढंच राखायचं असल्यामुळे नऊ जणांत भागतं. पिचर बॅटरकडे चेंडू टाकतो तेव्हा बॅटरच्या मागे बसणारा कॅचर सोडून बाकी आठही जण त्या काटकोनातच असावे लागतात.

आता मुख्य गोष्ट. क्रिकेटमधला फील्डर चेंडू अडवून धाव वाचवतो. बेसबॉलमध्ये नुसता अडवून उपयोग नाही, रनरच्या आधी चेंडू बेसवर पोचवायचा असतो. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधलं अंतर ९० फूट. चांगला पळणारा बॅटर साधारण चार ते साडेचार सेकंदांत फर्स्ट बेसवर पोचतो. तेवढ्यात चेंडू उचलायचा, फेकायचा आणि फर्स्ट बेसमनने बेसला पाय लावून तो झेलायचा. प्रत्येक जागा या हिशोबातून ठरलेली आहे.

म्हणून सेकंड बेसमन बेसवर उभा नसतो, बेसपासून फर्स्टच्या बाजूला सरकलेला असतो. पलीकडच्या बाजूला, सेकंड आणि थर्डच्या मधे शॉर्टस्टॉप. बेस रिकामा दिसतो, पण दोघांपैकी जो चेंडूवर गेला नाही तो बेसवर येतो. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वात मोठी व्यावसायिक स्पर्धा) संघ बेसजवळच्या चौघांपैकी, म्हणजे फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि शॉर्टस्टॉप यांपैकी, तिघांना एकाच बाजूला उभं करायला लागले होते. २०२३ पासून सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जण हवेत असा नियम झाला. मला तो नियम पटतो, कारण त्यामुळे शॉर्टस्टॉपला पुन्हा धावावं लागतं, आणि बघायची मजा त्या धावण्यातच आहे.

मग तुमच्या मुलाला शॉर्टस्टॉप का नाही? घरातच करून बघा. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करा, पायाशी मोज्यांचा गोळा ठेवा आणि सांगा, वाकून उचल आणि डाव्या हाताने तुझ्या डावीकडे जोरात फेक. त्याला आधी अख्खं अंग वळवावं लागेल, उजवा खांदा डावीकडे आणावा लागेल. शॉर्टस्टॉपचा फर्स्टकडचा थ्रो नेमका त्याच दिशेला असतो. उजव्या हाताच्या मुलाचा डावा खांदा आधीच तिकडे असतो, तो उचलतो आणि सोडतो. वळण्यात अर्धा सेकंद गेला तरी रनर सेफ. सेकंड आणि थर्डलाही थोड्याफार फरकाने हीच अडचण. सरांनी अन्याय केलेला नाही, त्यांनी हात बघितलाय.

आणि राइट फील्डला काम नसतं हे तर अजिबात खरं नाही. शाळकरी सामन्यात इनफिल्डचे (बेसजवळच्या त्या चौघांचे) थ्रो सारखे चुकतात, आणि बहुतेक थ्रो फर्स्टलाच जातात. चुकलेला चेंडू फर्स्टच्या मागे जातो, तिथे धावत पोचायचं काम राइट फील्डरचं. मी नववीत असताना आम्ही एका रनने पुढे होतो, शेवटची इनिंग, दोन आउट, सेकंड आणि थर्डवर त्यांचे रनर. थर्ड बेसमनने सरपटणारा चेंडू छान उचलला, पण थ्रो उंच गेला. फर्स्ट बेसमनने उडी मारली, चेंडू ग्लव्हच्या टोकाला घासून मागे गेला आणि गडगडत कुंपणाच्या बाभळीला जाऊन टेकला. राइट फील्डला मी होतो, गुडघ्यांवर हात ठेवून थ्रो बघत उभा. दोन्ही रनर होम प्लेटवर पोचले, दोन रन झाले, सामना गेला. थर्ड बेसमन रडत होता आणि सगळे त्याला बोलत होते. चूक निम्मी माझी होती, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

शिवाय पिचर वेगवान असेल तर उजव्या हाताच्या पोरांची बॅट उशिरा येते आणि चेंडू राइटलाच जातो. तिथून थर्डला टाकायचा थ्रो फार लांबचा, म्हणून तिथे दमदार हात लागतो. पिट्सबर्गच्या रॉबर्टो क्लेमेंटेने याच जागेवर १९६१ ते १९७२ सलग १२ गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचे पुरस्कार, मिळवले. अमेरिकेचा गाजलेला खेळाडू बेब रूथ तर डावखुराच, आधी पिचर, मग बराच काळ राइट फील्डर.

डावखुऱ्याला पुढे पिचर आणि फर्स्ट बेसही खुले आहेत. फर्स्टला तर फायदाच आहे. त्याचा ग्लव्ह उजव्या हातात, म्हणजे सेकंड बेसकडच्या मोकळ्या जागेकडे असतो, आणि तिथून सेकंडला फेकताना वळावं लागत नाही. सरांशी बोलायचंच असेल तर "सरावात थोडा वेळ फर्स्टला घ्याल का?" एवढंच विचारा.

स्कोअरशीटवरचे आकडे शर्टाचे नसतात, जागांचे असतात: पिचर १, कॅचर २, फर्स्ट ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट ७, सेंटर ८ आणि तुमचा मुलगा ९. शॉर्टस्टॉपने सेकंडला आणि तिथून फर्स्टला देऊन दोघांना बाद केलं की ६-४-३ असं लिहितात.

पुढच्या सामन्याला कॅचरच्या मागे जाळीआड बसा. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला की तिकडे बघू नका, मुलाकडे बघा. थ्रो सुटायच्या आधी तो फर्स्टच्या मागच्या बाजूला पळायला लागला असेल, तर घरी आल्यावर त्याला तेवढं नक्की सांगा की तुम्ही ते पाहिलं.