१ लाख ९० हजारांचं कानाचं मशीन, ईएमआयवर घ्यायचं का?

नमस्कार आप्पा,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. तुम्ही चोपड्याचे रिटायर झेडपी मास्तर, वय ६९, पेन्शन ३१ हजार, बँकेत ७ टक्क्यांची ४ लाखांची एफडी जी अजून पाच महिन्यांनी पिकणार, आणि पोस्टात सिनियर सिटिझन स्कीममध्ये ८ लाख. दोन्ही कान ५०-५५ डेसिबलवर आलेत, म्हणजे मध्यम बहिरेपण. जळगावच्या दुकानदाराने जोडीचे १ लाख ९० हजार सांगितले, ऑफर रविवारपर्यंतच, मुलगा म्हणतो १८ महिन्यांची नो कॉस्ट ईएमआय टाका, आणि तुमच्या मनात की सध्या एकच कान करू नाहीतर ऑनलाइन ३ हजारवालं मागवून बघू.

पहिलं म्हणजे रविवार विसरा. कान वर्षानुवर्षं हळूहळू गेलेत, आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

माझ्याच घरचं सांगतो. आमच्या वडिलांना मी असंच घाईत, ट्रायल न घेता, महागातलं मशीन घेऊन दिलं होतं. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी कानातून काढून ताटाशेजारी ठेवलं, म्हणे डोक्यात घुसतं. खरं तर तसंच होतं सुरुवातीला, इतक्या वर्षांनी भांड्यांचा, पंख्याचा आवाज एकदम आला की मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात आणि तेवढ्यात दोन-तीनदा जाऊन सेटिंग बदलून घ्यावं लागतं. आम्ही गेलोच नाही, दुकान लांब. मशीन सहा महिने कपाटात, आणि वडील परत 'काय म्हनस?' वर. पैसे मशीनच्या किमतीत बुडत नाहीत आप्पा, कपाटात बुडतात.

म्हणून मी असं बघेन. मशीन साधारण पाच वर्षं चालतं. १ लाख ९० हजार म्हणजे महिना ३,१६७ रुपये, मधल्या रेंजची ९० हजारांची जोडी म्हणजे १,५००. वरच्या पैशात मुख्यतः गर्दीतलं ऐकणं सुधारतं, लग्नाचा मांडव, सभा वगैरे. तुमचा दिवस घरात, ओट्यावर आणि देवळात जातो असं तुम्हीच लिहिलंय, मग मधल्या रेंजचं आधी कानात घालून बघा की. ट्रायल मागा, आठ-दहा दिवस घरी वापरायला, डिपॉझिट घेतलं तरी चालेल. ट्रायल देत नसेल तर त्या दुकानात परत जाऊ नका.

एकच कान करून बचत होते असं वाटतं पण दोन्ही सारखे गेलेत तर आवाज कुठून आला ते एका कानाने कळत नाही, मागून मोटरसायकल आली की गंमत. आणि ३ हजारवालं सगळेच आवाज सरसकट मोठे करतं, तुमच्या ऑडिओग्रामशी (कानाच्या तपासणीचा आलेख) त्याचा काही संबंध नसतो. ते नकोच. कानात मळ वगैरे नाही ना हे ईएनटीकडून एकदा बघून घेतलं असेलच, नसेल तर आधी ते.

आता पैसे. १८ महिन्यांची ईएमआय म्हणजे १०,५५६ रुपये, पेन्शनचा तिसरा हिस्सा गेला. नो कॉस्ट म्हणतात पण प्रोसेसिंग फी असते, क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावर जीएसटी लागतो, आणि रोखीने मिळाला असता तो डिस्काउंट जातो. त्यापेक्षा एफडी न मोडता तिच्यावरच ९० हजारांचं कर्ज उचला. बँक साधारण १ टक्का जास्त लावते, म्हणजे तुम्हाला ८ टक्के. एफडीचं ७ टक्के चालूच राहतं, पाच महिन्यांचा खरा फरक ३७५ रुपये. नोव्हेंबरात एफडी पिकली की फेडून मोकळे.

मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नका, बहुतेक पॉलिसीत कानाचं मशीन बसत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे एकदाच मिळणारे ३ हजार ६५ च्या वरच्यांना असतात पण वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत लागतं, तुमची पेन्शनच ३ लाख ७२ हजार होते. गल्लीतल्या कोणाला बसत असेल तर मात्र सांगा.

मुलगा पुण्यातून घ्या म्हणतो तेही मला पटत नाही. चोपडा-जळगाव एसटीचं तुमचं हाफ तिकीट आहे, काकूंचंही, सेटिंगला चार-पाच चकरा झाल्या तरी परवडतं. रेट सांगताना त्या चकरा फुकट आहेत का ते बिलावर लिहून घ्या. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने मशीन खराब होतं, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायची सवय लावा. चार्जिंगचं नाही, बॅटरीच्या सेलवालं घेतलं तर सेलचे जोडीला वर्षाला ३ हजाराच्या आसपास धरा. सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. आमचे वडील आता घड्याळ बघून करतात.

पोस्टातल्या ८ लाखांना हात लावू नका. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १६,४०० येतात, त्यातले ४ हजार दर वेळी बाजूला टाका. पाच वर्षांत व्याज न धरता ८० हजार होतात, पुढची जोडी त्यातूनच येईल.