गेम कार्ट्रिजवरचे ‘16 मेगाबिट’ म्हणजे 16 एमबी का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालेल्या आपल्या जुन्या कार्ट्रिजवर, म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्रात (कन्सोलमध्ये) बसवायच्या डबीवर, ‘16 मेगाबिट’ असे छापले असेल, तर त्यात 16 नव्हे, 2 मेगाबाइट एवढीच माहिती मावते. कारण 8 बिट मिळून 1 बाइट होतो आणि विक्रेत्यांना, साहजिकच, मोठा आकडा अधिक प्रिय होता. कन्सोलच्या नावापुढील ‘8-बिट’ किंवा ‘16-बिट’ हा मात्र साठवणुकीचा आकडा नसून प्रोसेसर एका वेळी किती रुंद संख्या हाताळतो, याचा निर्देश आहे: 8 बिटांत 256 मूल्ये बसतात, 16 बिटांत 65,536. तोही काटेकोर मानू नये. 1988 च्या, ‘16-बिट’ म्हणवल्या जाणाऱ्या सेगा मेगा ड्राइव्ह या कन्सोलमधील मोटोरोला 68000 या प्रोसेसरचे रजिस्टर (आकडेमोडीसाठी संख्या ठेवण्याचा आतला कप्पा) 32 बिटांचे, तर डेटा बस (माहिती ने-आण करणारी वाट) 16 बिटांची होती.